कुठेही जगणारी खोकडे

आर्क्टिक खोकडाला प्रयोगांमध्ये सुमारे उणे ७० अंश सेल्सिअसपर्यंत कापरे भरले नव्हते. त्याच्याच वंशातले फेनेक सहाराच्या वाळवंटात राहते. एकाचे कान आखूड आणि लोकरीत बुडालेले, तर दुसऱ्याचे तब्बल १५ सेंटीमीटर लांब. लांब कानांतून शरीरातली उष्णता बाहेर पडते, वाळूखालच्या किड्यांची हालचालही त्यांना ऐकू येते. तळव्यांवर मात्र दोघांच्याही दाट केस असतात! तिथे ते बर्फापासून वाचवतात, इथे भाजणाऱ्या वाळूपासून.

आर्क्टिक खोकडाच्या पायांत धमन्या आणि शिरा एकमेकींना लगटून असतात. पंजाकडे जाणारे गरम रक्त परतणाऱ्या थंड रक्ताला ऊब देते, त्यामुळे शरीराची उष्णता बर्फावर वाया जात नाही. अशाच एका मादीने २०१८ मध्ये समुद्रावरच्या बर्फावरून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरून कॅनडातील एल्समीअर बेट गाठले. ७६ दिवसांत ३,५०० किलोमीटर!

मला मात्र सर्वांत थक्क करते ते लाल खोकड. त्याच्या शरीरात असे टोकाचे काहीच नाही, तरी जंगली मांसाहारी सस्तन प्राण्यांमध्ये जमिनीवर सर्वांत दूरवर तेच पसरले आहे. उंदीर, ससे, गांडुळे, भुंगेरे, फळे, मेलेली जनावरे, माणसाने टाकलेले अन्न, त्याला काहीही चालते. उरले तर पुरून ठेवते. जोडीने राहते, आणि अन्न मुबलक असेल तर गटानेही. मग गटातल्या इतर माद्या पिल्ले वाढवायला मदत करतात. लंडनच्या परसबागांमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे.

बर्फाखालचा उंदीर ते केवळ कानाने हेरते आणि उंच झेप घेऊन नेमके त्यावर उतरते. चेक प्रजासत्ताकातील निरीक्षणांत (२०११) ईशान्येकडे घेतलेल्या झेपा जास्त यशस्वी ठरल्या. अंतराचा अंदाज घेताना ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेत असावे, असा संशोधकांचा कयास आहे.

या लवचीकपणाची किंमत इतरांना मोजावी लागते. एकोणिसाव्या शतकात शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात सोडलेल्या लाल खोकडांनी तिथल्या लहान शिशुधान (पोटावरच्या पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या) प्राण्यांची दैना केली. इकडे उत्तर ध्रुवाच्या बाजूला थंडीपेक्षाही अन्नाचा तुटवडा लाल खोकडांना रोखत होता. शरीर मोठे, म्हणून भूकही मोठी. हवामान उबदार होत आहे, माणसांच्या वस्तीबरोबर अन्नही वर पोचते आहे आणि लाल खोकड टुंड्रात शिरते आहे. तिथे ते आर्क्टिक खोकडाची बिळे बळकावते, त्याला मारतेही. थंडीसाठी इतक्या नेमकेपणाने घडलेले शरीर या शेजाऱ्यापुढे कामी येत नाही.

स्कँडिनेव्हियात फरसाठी झालेल्या शिकारीने आर्क्टिक खोकड आधीच संपत आले होते. १९२८ मध्ये स्वीडनने आणि १९३० मध्ये नॉर्वेने त्याला संरक्षण दिले, तरी अनेक दशके संख्या सावरली नाही. आता पिंजऱ्यात जन्मलेली पिल्ले रानात सोडणे, बिळांजवळ खाद्य ठेवणे आणि लाल खोकडांची संख्या आटोक्यात ठेवणे, असे तिन्ही उपाय चालू आहेत. त्यामुळे तिथे आर्क्टिक खोकडांची संख्या हळूहळू वाढू लागली आहे.