फ्लाइट सिम्युलेटरमधील लिव्हरी रंगकाम

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याच्या प्रोग्रॅममधल्या, प्रवासी विमानाच्या त्रिमितीय मॉडेलवर एखाद्या विमान कंपनीचे रंग नि बोधचिन्ह (म्हणजे तिची लिव्हरी), नोंदणी क्रमांक आणि वापराच्या खुणा चढवण्याचे काम. करणारे त्याला नुसते ‘रिपेंट’ म्हणतात. या नोंदीचा भर वापराच्या खुणांवर, म्हणजे वेदरिंगवर आहे. कंपनीचे रंग चांगला फोटो समोर ठेवून कुणालाही उतरवता येतात. दहा वर्षे रोज चार-सहा फेऱ्या मारलेले विमान उतरवायचे, तर ते कुठून गळते, कुठे तापते आणि कुठे लोकांचे हात लागतात हे ठाऊक असावे लागते.

विमानाचे बाह्यांग उलगडून सपाट चित्रांत मांडलेले असते. ही चित्रे म्हणजे टेक्श्चर, आणि मॉडेल बनवणाऱ्याने लेयर, म्हणजे चित्राचे थर, सुटे ठेवून दिलेली त्यांची फाइल म्हणजे पेंटकिट. काम फोटोशॉप, गिम्प किंवा पेंट डॉट नेट अशा चित्रे रंगवण्याच्या प्रोग्रॅममध्ये होते. सबस्टन्स पेंटरमध्ये ब्रश थेट त्रिमितीय विमानावर फिरतो, त्यामुळे नाकाच्या वळणावर पट्टा वाकडा जाण्याचा जुना त्रास बराच कमी झाला. चित्र शेवटी बहुधा डीडीएस स्वरूपात साठवले जाते. स्वस्तातल्या किंवा जुन्या काही मॉडेलमध्ये विमानाच्या दोन्ही बाजूंना एकच टेक्श्चर वापरलेले असते. तिथे डावीकडचा डाग उजवीकडे आपोआप उमटतो, आणि प्रामाणिक वेदरिंगचा प्रश्नच मिटतो.

तपशील किती मावेल हे टेक्श्चरच्या आकारावर ठरते. बोइंग ७३७-८०० ची लांबी साडेएकोणचाळीस मीटर. तिची अख्खी बाजू ४०९६ पिक्सेल रुंदीच्या एका चित्रात बसवली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जवळजवळ एक सेंटिमीटर येतो. पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचे डोके त्याहून लहान, म्हणून धड दोन-तीन चित्रांत विभागतात, किंवा रिव्हेट आणि पत्र्यांचे सांधे नॉर्मल मॅपवर (उंचसखलपणा भासवणाऱ्या चित्रावर) किंवा वेगळ्या डेकलवर (वर चिकटवलेल्या छोट्या चित्रावर) टाकतात. फ्लाइट सिम्युलेटर २००४ च्या काळात १०२४ पिक्सेलचे चित्र सर्रास असे. तेव्हाच्या रिपेंटरने रिव्हेट दाखवले की ते नारळाएवढे दिसत.

त्या काळात सावलीही हातानेच रंगवावी लागे. पंखाखालचा अंधार, पाठीवरची उन्हाची तिरीप, खिडक्यांच्या कडेची छटा, सगळे रंगाच्या चित्रातच भाजलेले असे. चकाकी अल्फा चॅनलमधून, म्हणजे चित्रातल्या लाल-हिरव्या-निळ्याखेरीजच्या चौथ्या करड्या थरातून, ठरे. तो जितका काळा, तितके विमान आरशासारखे. पुढे एक्स-प्लेन ११ (२०१७), प्रीपेअर थ्रीडीची ४.४ आवृत्ती (२०१८) आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (२०२०) या सिम्युलेटरांनी पीबीआर, म्हणजे प्रकाशाच्या भौतिक नियमांवर चालणारे चित्रण आणले. आता सावलीचा हिशेब सिम्युलेटर स्वतः करतो आणि रंगवलेली सावली उलट चूक ठरते. सूर्य मावळतीला असला तरी पोटाखाली दुपार रेंगाळते. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये रंगाच्या चित्राखेरीज एक ‘कॉम्प’ चित्र असते. त्याचा लाल चॅनल खाचाखोचांतला अंधार, हिरवा खरखरीतपणा आणि निळा धातूपणा सांगतो. वेदरिंगचे निम्मे यश या हिरव्या चॅनलमध्ये आहे. काजळी कोरडी आणि निस्तेज, हायड्रॉलिक तेलाचा ताजा ओघळ ओला आणि चकचकीत. दोन्ही नुसत्या काळपट रंगाने काढले तर सारखेच दिसतात. बहुसंख्य रिपेंट इथेच फसतात, आणि पडद्यावरच्या स्थिर चित्रात ते कळतही नाही. विमान उन्हात वळले की कळते.

मळाचा नकाशा. विमानावरचा प्रत्येक डाग कुठून तरी निघतो आणि हवेच्या प्रवाहाबरोबर मागे जातो. शेपटीच्या टोकाला सहायक पॉवर युनिटचा, म्हणजे तिथल्या छोट्या जादा इंजिनाचा, धूर बाहेर पडतो, म्हणून तिथला शंकू काळवंडतो. उतरल्यावर वेग कमी करणारे थ्रस्ट रिव्हर्सर उघडतात तेव्हा इंजिनाची हवा पुढे फेकली जाते, आणि ती काजळी इंजिनाच्या आवरणावर जिथे बसते ती जागा रिव्हर्सरच्या रचनेप्रमाणे बदलते. सीएफएम५६ इंजिनाच्या एअरबस ए३२० ला चार पाकळ्या उघडतात, ७३७-८०० ला आवरणाची बाही मागे सरकते. एकाचे डाग दुसऱ्याला लावले की जाणकार लगेच ओळखतो. ७३७ च्या मुख्य चाकांना पूर्ण झाकणे नाहीत, चाके पोटात उघडीच राहतात. त्या खाचेमागचे पोट ब्रेकची धूळ, ग्रीस आणि तेल यांनी कायम माखलेले असते.

हे तेल म्हणजे बहुधा स्कायड्रॉल, फॉस्फेट एस्टरचे जांभळट हायड्रॉलिक द्रव. ते नुसता डाग पाडत नाही, रंगही सैल करते. त्यामुळे त्याच्या वाटेवर तपकिरी ओघळाबरोबर रंगाचे पोपडेही दाखवावे लागतात. इंजिनाच्या तळाशी निचऱ्याच्या नळीमागे तेलाची बारीक रेघ असते. शौचालयाच्या टाकीच्या झाकणाजवळ कधी निळी रेघ दिसते. थंड देशांतल्या विमानावर बर्फ वितळवणाऱ्या द्रवाचा नारिंगी किंवा हिरवट चिकटा सांध्यांत साचतो. मुंबई-दिल्ली करणाऱ्या विमानाला तो लावण्यात अर्थ नाही.

दोन्ही बाजू सारख्या मळत नाहीत. प्रवासी डाव्या दारांनी चढतात, म्हणून पुढच्या डाव्या दाराभोवती एरोब्रिजच्या रबरी झालरीचे घासल्याचे पट्टे उमटतात. ७३७, ए३२० अशा विमानांत सामानाची दारे उजवीकडे असतात. तिथे कन्व्हेयर बेल्टचे ओरखडे आणि टवके. पंखांच्या आणि शेपटीच्या पुढच्या कडा पाऊस, गारा नि किडे यांनी झिजतात. नाकावरचा रडारचा घुमट झिजला की सुटा बदलला जातो, आणि नवा घुमट बाकीच्या विटलेल्या पांढऱ्याशी जुळत नाही. ही विसंगती ज्याने टिपली, त्याने फोटो नीट पाहिले आहेत असे खुशाल समजावे.

डाग काढण्याची रीत सोपी आहे, हात आवरणे कठीण. वेगळ्या लेयरवर उगमाशी गडद ठिपका देतात, तो प्रवाहाच्या दिशेने मोशन ब्लरने (एका दिशेला पुसट करणाऱ्या साधनाने) ओढतात, आणि पारदर्शकता इतकी वाढवतात की लेयर बंद केल्यावरच तो होता हे जाणवावे. पत्र्याच्या सांध्याशी रेघ क्षणभर अडते, बाजूला पसरते आणि पुन्हा वाहते. तो अडथळा मास्कने, म्हणजे थराचा काही भाग झाकून, कापून दाखवला की डाग पृष्ठभागावर बसतो. एकच तयार ‘ग्रंज’ (मळकटपणाचा) ब्रश सगळीकडे फिरवलेले विमान भंगारातून उचललेले वाटते. विमान कंपन्या विमाने धुतात, कारण मळ गंज लपवतो आणि हवेचा रोधही वाढवतो. म्हणून रोजच्या विमानात धड उजळ, पण पोट आणि सांधे काळे, असाच तोल बहुधा खरा असतो.

रंगाखाली काय आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या विमानाचा वरचा रंग उडाला की आधी पिवळट-हिरवा प्रायमर दिसतो, मग धातू. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० यांचे धड आणि पंख मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्राचे आहेत, तिथे पोपड्याखाली चकचकीत पत्रा दाखवणे ही ढोबळ चूक. ७८७ च्या पंखांवरचा रंग अतिनील किरणांमुळे सुटत असल्याचे उघड झाल्यावर त्यावर चिकटवलेल्या स्पीड टेपची (धातूच्या चिकटपट्टीची) चंदेरी ठिगळे प्रवाशांच्या फोटोंत दिसू लागली, आणि रिपेंटमध्येही आली. ए३५० च्या पृष्ठभागावरून कतार एअरवेज आणि एअरबस यांच्यात पेटलेला वाद फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. रंगाखालची, आकाशातल्या विजेपासून बचाव करणारी धातूची जाळी म्हणजे काय, हे त्या वादातल्या छायाचित्रांनी बऱ्याच रिपेंटरांना शिकवले.

याच्या उलट टोकाला बिनरंगाचे विमान. अमेरिकन एअरलाइन्सची चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची लिव्हरी जानेवारी २०१३ मध्ये नव्या रंगांनी बदलली, पण तिची एमडी-८० विमाने ४ सप्टेंबर २०१९ ला निवृत्त होईपर्यंत उघड्या धातूतच उडाली. हे विमान रंगवणे म्हणजे रंग न लावता सगळे काम करणे. प्रत्येक पत्र्याची पॉलिश थोडी वेगळी, म्हणून प्रत्येक पत्र्याला खरखरीतपणाचा वेगळा आकडा द्यावा लागतो. संमिश्राचे सुटे भाग करड्या रंगाचे, त्यांचा धातूपणा शून्य. सगळे धड एकाच आकड्यावर ठेवले तर विमान स्टीलच्या डब्यासारखे दिसते.

कोणते विमान, कोणत्या दिवशी. गंभीर रिपेंटर ‘एअर इंडियाचे ७४७’ रंगवत नाही. तो एका नोंदणी क्रमांकाचे विमान एका विशिष्ट महिन्यात जसे होते तसे रंगवतो. त्यासाठी स्पॉटरांनी (विमाने टिपण्याचा छंद असलेल्यांनी) काढलेले, तारीख असलेले फोटो तो दोन्ही बाजूंनी आणि खालून जमवतो. मधे विमान हँगरमध्ये जाऊन नवा रंग घेऊन आले असेल तर आधीचे सगळे डाग बाद होतात. ढगाळ दिवसाचा फोटो रंगासाठी बरा. संध्याकाळच्या उन्हातून उचललेला पांढरा सिम्युलेटरमध्ये दुपारीही पिवळा दिसतो.

भारतीय लिव्हऱ्यांत सर्वांत चिकट काम एअर इंडियाच्या ७४७ चे. १९७१ पासून या विमानांच्या खिडक्यांभोवती लाल झरोके रंगवले जात. एक झरोका काढून तो सगळ्या रांगेत उमटवता येतो, पण नाकाकडच्या वळणावर प्रत्येकाची जागा हाताने सरकवावी लागते, आणि विटण्याची छटा तर सरसकट उमटवून चालतच नाही. ताफ्यातले ‘व्हीटी-ईव्हीए’ २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून अमेरिकेला रवाना झाले. बंद पडलेल्या कंपन्यांच्या लिव्हऱ्यांनाही कायम मागणी असते: किंगफिशर (ऑक्टोबर २०१२ मध्ये उड्डाणे थांबली), जेट एअरवेज (१७ एप्रिल २०१९). या दोन्ही कंपन्यांची काही विमाने मुंबई विमानतळावर दीर्घकाळ उभी होती. उभ्या विमानाचा मळ उडत्या विमानापेक्षा निराळा असतो. तिथे हवेचा प्रवाह नाही, म्हणून ओघळ मागे न जाता खिडकीच्या कडेवरून सरळ खाली उतरतात.

रिपेंट बहुतांशी फुकट वाटले जातात. पेंटकिटच्या अटी सहसा विक्रीला मनाई करतात आणि बोधचिन्हे विमान कंपन्यांच्या मालकीची असतात. दुसऱ्याच्या रिपेंटमधला मळाचा लेयर उचलून आपल्या नावावर खपवणे हा या वर्तुळात सर्वांत निंद्य प्रकार मानला जातो. तो पकडलाही जातो, कारण एकाच आकाराचा ओघळ दोन वेगळ्या नोंदणी क्रमांकांच्या विमानांवर असू शकत नाही.