पंगतीतले रिकामे पाट

परवा पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एक कॉलेजकुमार दुकानदाराला सांगत होता, "काका, जड एडिटरमध्ये कोड लिहिला की चिपमधली जागा भरते." काकांनी मान डोलावली आणि रेझिस्टर मोजत राहिले.

चिपमध्ये एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, जातच नाही हो! आपण लिहितो तो नुसता मजकूर. कंपायलर त्याची यंत्रभाषा करतो आणि तेवढीच चिपमध्ये उतरते. आर्डुइनो उनो या छोट्या सर्किट बोर्डावरच्या एटीमेगा ३२८पी चिपला फ्लॅश मेमरी (कोड साठवायची जागा) ३२ केबी, रॅम (कोड चालताना लागणारी जागा) अवघी २ केबी. कोड आणि कंपायलर तेच असतील तर कुठेही लिहा, चिपमध्ये उतरणारी यंत्रभाषेची हेक्स फाइल तीच. 'काळी थीम ठेवली की बग कमी होतात' हेही लॅपटॉपला लिंबू-मिरची बांधण्याइतकंच शास्त्रीय.

हलका एडिटर हवा तो आपल्या जुन्या लॅपटॉपसाठी. व्हीएस कोड हा एडिटर पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर घेऊन चालतो. जीनी आणि नोटपॅड प्लस प्लस या हलक्या एडिटरांच्या पोटात सिंटिला नावाचा आटोपशीर घटक असतो. त्यातला गॅप बफर, म्हणजे मजकुरात मध्येच मोकळी जागा राखून ठेवणं, ही माझी लाडकी युक्ती.

वाड्यात पंगत बसलीय आणि मध्येच दोन पाहुणे आले. "सरका जरा" म्हटलं की पुढची सगळी रांग पाट-ताटासकट हलणार. मेमरीतली अक्षरं अशीच खेटून बसलेली असतात. ४०,००० अक्षरांच्या फाइलमध्ये ५००व्या अक्षरापुढे एक स्वल्पविराम घातला तर ३९,५०० अक्षरं सरकवायची, तीही दर टायपिंगला! हुशार यजमान पाहुणे येतील तिथे आधीच पाट रिकामे ठेवतो. गॅप बफर कर्सरपाशी, समजा, १०० जागा मोकळ्या सोडतो. टाइप करा, कुणी हलत नाही. खोडलंत तर पाट पुन्हा रिकामा. कर्सर २,०००व्या अक्षरापुढे नेऊन तिथे लिहिलंत तर मधली १,५०० अक्षरंच मोकळ्या जागेपलीकडून अलीकडे येतात.

मोकळी जागा ५००व्या अक्षरानंतर असेल तर ७००वं अक्षर मेमरीत ८००व्या घरात सापडतं. ३००वं मात्र ३००व्याच. एडिटर दर वेळी ही बेरीज करतो आणि आपल्याला मजकूर सलग दिसतो. पाट संपले की मोठी जागा घेऊन सगळी पंगत तिकडे उठवावी लागते, पण तेवढं क्वचितच.

व्हीएस कोडनं २०१८मध्ये यासाठी गॅप बफरऐवजी तुकड्यांचं झाड, म्हणजे मजकुराचे तुकडे फांद्यांसारखे जोडून ठेवणारी रचना, वापरायला घेतलं. प्रचंड फाइलींना ते सोयीचं. आपली आर्डुइनोवरचा दिवा लुकलुकवणारी फाइल वीस ओळींची.