एकदा आवाज बंद करून पाहा

ऑगस्ट 1976, पॅरिसमधली पहाट. अर्धं शहर सुट्टीवर गेलेलं. एक गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि आर्क द त्रियाँफ, शाँझ एलिझे, लुव्र मागे टाकत, लाल सिग्नल धुडकावत माँमार्त्रच्या टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चपाशी येऊन थांबते. मध्ये एकही कट नाही. फ्रेंच दिग्दर्शक क्लोद ललूश यांची ही 'से ते अँ राँदेवू' नावाची छोटी फिल्म पाहताना वाटतं, गाडी ताशी 200 किलोमीटरच्या खाली येतच नसावी.

पण अंतर आहे सुमारे साडेदहा किलोमीटर आणि वेळ आठेक मिनिटं. म्हणजे सरासरी ताशी 80. आपल्या एक्स्प्रेसवेवर या वेगात मागचा माणूस हॉर्न वाजवायला लागतो!

मग 200 येतात कुठून? बरेचसे कानांतून. मी एकदा आवाज बंद करून ही फिल्म पाहिली. रस्त्यावरून उडणारी कबुतरंसुद्धा निवांत वाटायला लागली. कॅमेरा बसवला होता मर्सिडीज 450 एसईएल 6.9 या ऐसपैस गाडीच्या बंपरवर. आवाज मात्र नंतर चढवलेला, ललूश यांच्या फेरारी 275 जीटीबीचा. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधलं इंधन इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतं. फेरारीचे सिलिंडर 12, म्हणजे फेरीला 6 स्फोट. मिनिटाला 6,000 फेऱ्या झाल्या की सेकंदाला 600. मर्सिडीजचे सिलिंडर 8, त्यामुळे तितक्याच फेऱ्यांना 400. सेकंदाला स्फोट जितके जास्त तितका सूर चढा; आणि सूर जितका चढा तितका वेग जास्त, असा मेंदूचा सरळ हिशेब.

उरलेलं काम बंपरचं. रस्ता किती जोरात मागे पळतो, हे मेंदू डोळ्यांच्या उंचीशी ताडून ठरवतो. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ड्रायव्हरचे डोळे रस्त्यापासून 1.1 मीटरवर धरले, तर सेकंदाला 20 'उंच्या' मागे जातात. कॅमेरा अर्ध्या मीटरवर आणला की 44. वेग तोच, भास दुप्पट. रस्त्यालगत बसायच्या छोट्या गो-कार्ट गाडीत बसल्यावर पोटात गोळा येतो तो याचमुळे. माँमार्त्रच्या गल्ल्यांत तर भिंतीही अंगावर येतात.

खरा वेग काढायला लागतो नकाशा आणि चिकाटी. सेकंदाला 24 फ्रेम असतात. 100 मीटर दूरचे दोन खांब 72 फ्रेममध्ये ओलांडले, तर 3 सेकंद, म्हणजे ताशी 120. अशी मोजणी करणाऱ्यांना कमाल वेग 140च्या आसपास मिळाला.

हा आकडाही किरकोळ नाही. 140ला ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदातच गाडी 39 मीटर पुढे गेलेली असते. लुव्रच्या कमानीपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून तिथे एक सहाय्यक वॉकीटॉकी घेऊन उभा केला होता. काही आलं तर तो सांगणार होता. वॉकीटॉकी बंद पडलेली होती, हे ललूश यांनीच नंतर सांगितलं.