तोशिको अकियोशी ऐकायच्या तर सुरुवात कुठून करावी?

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जपानी जॅझच्या एलपी दुकानात आल्या की पियानोवादक आणि संगीतरचनाकार तोशिको अकियोशी हे नाव हमखास विचारलं जातं. बहुतेकांना पियानो ट्रिओ, म्हणजे पियानोसह तिघांचा छोटा संच, हवा असतो. ट्रिओ जरूर घ्या, पण आमचं मत आधीच सांगून टाकतो: पियानोवर हात पक्का असला, तरी तोशिकोंचं खरं मोठेपण त्यांनी सोळा जणांच्या बँडसाठी जे लिहिलं त्यात आहे.

जन्म १९२९ चा, मांचुरियातला (आजचा ईशान्य चीन). जपान युद्ध हरल्यावर सगळं गमावून कुटुंब जपानमधल्या बेप्पूला परतलं. घरी पियानो उरला नव्हता. निदान वाजवायला तरी मिळेल म्हणून त्यांनी तिथल्या डान्स हॉलमध्ये नोकरी धरली. गावातल्या एका रेकॉर्डवेड्या माणसाने त्यांना जॅझ पियानोवादक टेडी विल्सनचं 'स्वीट लोरेन' ऐकवलं आणि त्या जॅझकडे वळल्या. (रेकॉर्ड जमवणाऱ्यांना घरी बोलणी खावी लागतात, तेव्हा हा दाखला द्यायला हरकत नाही.)

१९५३ मध्ये जपान दौऱ्यावर आलेल्या पियानोवादक ऑस्कर पीटरसनने त्यांना टोकियोत ऐकलं, निर्माता नॉर्मन ग्रान्झकडे शब्द टाकला आणि पीटरसनच्याच साथीदारांबरोबर त्यांची पहिली रेकॉर्ड झाली. १९५६ मध्ये शिष्यवृत्तीवर त्या बॉस्टनच्या बर्कली या संगीतशाळेत शिकायला गेल्या. तिथे कौतुक भरपूर झालं, पण बरंचसं किमोनो घालून बीबॉप (वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ) वाजवणाऱ्या बाईचं.

पती ल्यू टबॅकिन टेनर सॅक्सोफोन आणि बासरी वाजवणारे. दोघं १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला गेले आणि पुढच्याच वर्षी बँड उभा राहिला. बँडची पहिली एलपी 'कोगुन', १९७४ ची. युद्ध संपल्याचं न मानता फिलिपिन्सच्या जंगलात २९ वर्षं काढलेला जपानी सैनिक हिरोओ ओनोदा त्याच वर्षी बाहेर आला होता. शीर्षकरचना त्याच्यावरून सुचलेली. ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन) वाजत असताना मध्येच नोह या पारंपरिक जपानी नाटकातल्या त्सुझुमीचा ठोका आणि वादकाची लांबवलेली हाक येते. त्सुझुमी म्हणजे खांद्यावर धरून वाजवायचा, डमरूसारखा मधे निमुळता ढोल.

त्यानंतर 'इनसाइट्स', १९७६. दुसरी बाजू पूर्ण 'मिनामाता'ला दिलेली. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे मासे आणि ते खाणारी माणसं विषबाधेने गेली, त्या गावाची ही गोष्ट. सुरुवातीला एका लहान मुलीचा आवाज येतो. ही तोशिकोंची मुलगी मिचिरू. मग गाव भरभराटीला येतं, बँड फुलतो आणि हळूहळू तो आनंदच अंगावर यायला लागतो. ही बाजू मधूनच सुई ठेवून ऐकू नका.

१९८२ पासून मुक्काम न्यूयॉर्कला. बँड २००३ मध्ये तिथल्याच बर्डलँड क्लबमध्ये शेवटचं वाजवून त्यांनी स्वतःच बंद केला, पुन्हा पियानोकडे लक्ष देता यावं म्हणून. ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्काराची नामांकनं चौदा, पुरस्कार एकही नाही. आमच्या मते यात नुकसान ग्रॅमीचं.

खरेदीबद्दल थोडं. या एलपी आधी जपानमध्ये निघाल्या, अमेरिकेत नंतर. जपानी प्रतीच्या कव्हरला कागदी पट्टी असते, तिला ओबी म्हणतात. ती शाबूत असेल तर भाव चढतो, आवाजात मात्र काडीचाही फरक पडत नाही. फक्त ऐकायलाच घेणार असाल तर बिनपट्टीची प्रत मागा. घेण्याआधी दोन्ही बाजू आमच्या टर्नटेबलवर लावून बघा. त्याचे पैसे पडत नाहीत.