किती जणांपर्यंत पोहोचलो, हा परिणाम नव्हे

‘आम्ही हजारो मुलांपर्यंत पोहोचलो’ असं सामाजिक संस्थेनं अहवालात लिहिलं की काम यशस्वी झालं, हा जुना समज चुकीचा आहे. तो आकडा संस्थेनं काय केलं ते सांगतो. मुलांच्या आयुष्यात काय बदललं ते सांगत नाही.

अमेरिकेत न्यू जर्सीच्या रॉवे तुरुंगात १९७० च्या दशकात किशोरवयीन मुलांना जन्मठेपेच्या कैद्यांसमोर नेऊन गुन्हेगारीची दहशत बसवली जाई. उपक्रमाचं कौतुक झालं, तो इतरत्रही पसरला. पुढे अशा उपक्रमांच्या नियंत्रित चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा तिथे नेलेली मुलं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्ह्यांकडे वळलेली दिसली. हजेरीपटावर हे नुकसान कधीच दिसलं नसतं!

म्हणून आधी ज्यांच्यासाठी काम आहे त्यांनाच विचारा, तुमच्या लेखी ‘बरं झालं’ म्हणजे नेमकं काय? रोजगार प्रशिक्षण असेल तर प्रमाणपत्रं नव्हे, सहा महिन्यांनी नोकरी टिकली का ते मोजा. सुरुवातीची स्थिती नोंदवून ठेवा. लहान संस्थेला मोठी चाचणी परवडत नाही, हे खरं. पण मध्येच सोडून गेलेल्यांना फोन करून कारण विचारणं तिलाही जमतं, आणि मला तीच माहिती सर्वांत मोलाची वाटते.