मुरुमांच्या वणांवरील उपचारांची निवड

मुरुमांच्या वणांवरील उपचारांची निवड : मुरूम बरे झाल्यावर त्वचेत मागे उरणाऱ्या खड्ड्यांवर किंवा उंचवट्यांवर कोणता उपचार, कोणत्या क्रमाने आणि किती जोराचा करायचा, हे ठरवण्याची पद्धत. ती वणाचा आकार व खोली, त्वचेचा रंग आणि मुरूम अजून येत आहेत का, या गोष्टींवर अवलंबून असते. यंत्राचे नाव त्यानंतर यायला हवे. पुष्कळांची सुरुवात मात्र उलटी होते. आधी लेझर ठरते आणि वण नीट पाहणे राहूनच जाते.

वण आहे की डाग, हे आधी पाहावे लागते. बोलण्यात दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात, पण उपचार अगदी वेगळे. डागात फक्त रंग बदललेला असतो. दाहानंतर मेलॅनिन हे रंगद्रव्य साचून तपकिरी ठिपका उरतो किंवा बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या राहिल्याने लाली दिसते. बोट फिरवले तर त्वचा सपाट लागते. असे डाग बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. सनस्क्रीन, ॲझेलेइक आम्ल आणि रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या वर्गातील) मलमे त्याला हातभार लावतात. वणात त्वचेची घडणच बदललेली असते. दाह त्वचेच्या आतल्या थरापर्यंत गेला की तिथले कोलॅजेन, म्हणजे त्वचेला भरीवपणा देणारे प्रथिन, नष्ट होते. भरपाई कमी पडली तर खड्डा राहतो, गरजेपेक्षा जास्त झाली तर उंचवटा येतो. सुमारे ८० ते ९० टक्के वण खड्ड्यांचे असतात. खोल खड्डा कोणत्याही मलमाने भरत नाही, ०.३ टक्के ॲडापॅलीन या रेटिनॉइडने उथळ वणांत थोडाफार फरक पडतो, इतकेच.

खड्ड्यांचे तीन प्रकार सांगणारे २००१ सालचे वर्गीकरण आजही प्रचलित आहे. आइसपिक वण टोच्याने भोसकल्यासारखा दिसतो : तोंड २ मिलिमीटरपेक्षा अरुंद, पण टोक खोलवर. बॉक्सकार वणाच्या कडा उभ्या व तळ सपाट असून रुंदी साधारण १.५ ते ४ मिलिमीटर असते. रोलिंग वण त्याहून रुंद, कडा पुसट. त्यामुळे गाल लाटांसारखा वरखाली दिसतो. तपासताना उजेड बाजूने, तिरपा पाडावा लागतो, कारण समोरच्या प्रकाशात खड्डे लपतात. शिवाय दोन बोटांनी त्वचा ताणून पाहतात. ताणल्यावर नाहीसा होणारा खड्डा उथळ असतो आणि ताणूनही तसाच राहणारा खोल. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात, म्हणून एकाच उपचाराने सगळे काम भागत नाही.

रोलिंग वणाचे मूळ पृष्ठभागावर नसते. त्वचेला खालच्या ऊतींशी जखडणारे तंतुमय पट्टे तिला आत ओढतात. टाके घातलेल्या कापसाच्या गादीसारखेच हे : टाका उसवल्याशिवाय वरून कितीही हात फिरवला तरी खळगा जात नाही. हा टाका उसवण्याच्या तंत्राला सबसिजन म्हणतात. ते १९९५ मध्ये मांडले गेले. त्वचा बधिर करून खालून सुई घालतात आणि पट्टे कापतात. नंतर आठवडा-दोन आठवडे काळेनिळे दिसते. पट्टे पुन्हा चिकटू नयेत म्हणून काही वेळा त्याच जागी फिलर, म्हणजे भरावाचे जेल, भरतात.

आइसपिक वणाच्या तळाशी लेझरचे किरण पुरेसे पोहोचत नाहीत. त्यासाठी २००२ मध्ये वर्णन झालेली क्रॉस पद्धत वापरतात. ६५ ते १०० टक्के ट्रायक्लोरॲसेटिक आम्ल टोकदार काडीने फक्त खड्ड्याच्या आत टेकवतात. जागा पांढरी पडते आणि पुढे आतून कोलॅजेन तयार होऊ लागते. हेच आम्ल आजूबाजूला पसरले तर भाजून नवा वण होतो, त्यामुळे हा घरी करून पाहण्याचा प्रयोग नव्हे. फार खोल आइसपिक वण पंचने (गोल पात्याच्या बारीक हत्याराने) कापून टाकून टाका घालतात. खोल बॉक्सकार वणाचा तळ पंचनेच सुटा करून वर उचलता येतो.

उथळ बॉक्सकार वण आणि एकूण खडबडीतपणा ही फ्रॅक्शनल लेझर व मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी त्वचा टोचणे) यांची खरी जागा. २००४ मध्ये पुढे आलेल्या फ्रॅक्शनल कल्पनेत किरण त्वचेत बारीक स्तंभांपुरतीच इजा करतात आणि मधली शाबूत त्वचा जखम लवकर भरून काढते. १०,६०० नॅनोमीटरचे कार्बन डायऑक्साइड लेझर आणि २,९४० नॅनोमीटरचे एर्बियम लेझर यांत येतात. सावळ्या व काळ्या त्वचेवर मात्र लेझरनंतर नवे डाग पडण्याचा धोका अधिक. तिथे तीव्रता कमी ठेवतात किंवा मायक्रोनीडलिंगला पसंती देतात.

मुरूम येतच असतील तर आधी ते आटोक्यात आणावे लागतात, नाहीतर एकीकडे खड्डे भरायचे आणि दुसरीकडे नवे पडू द्यायचे, असे होते. आयसोट्रेटिनॉइन हे तीव्र मुरुमांवर पोटात घ्यायचे औषध संपल्यावर सहा महिने कोणताही उपचार करू नये, असा जुना दंडक होता. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी एकमताने तो सैल केला : उथळ पील (आम्लाने त्वचेचा वरचा थर सोलणे), मायक्रोनीडलिंग आणि फ्रॅक्शनल लेझर लांबणीवर टाकण्यास पुरेसा आधार नाही. यंत्राने पूर्ण चेहरा घासण्याबाबतची मनाई मात्र कायम राहिली.

जबडा, छाती, खांदे व पाठ इथले उंच वण आणि केलॉइड (मूळ जखमेच्या कडेबाहेर वाढणारा वण) यांचा मार्ग वेगळा. त्यांत ट्रायॲमसिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शने देतात, जोडीला सिलिकॉनच्या पट्ट्या किंवा अतिशीत उपचार असतात. केलॉइड नुसते कापले तर बहुधा परत येते, कधी आधीपेक्षा मोठे.

वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित मूल्यमापन करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात २४ चाचण्या आणि ७८९ रुग्ण होते. दर्जेदार पुरावा अपुरा असल्याने कोणत्याही एका उपचाराला पहिली पसंती देता आली नाही. म्हणून ‘पूर्ण गुळगुळीत चेहरा’ हे आश्वासन संशयानेच घ्यावे. सिटिंगमध्ये सहसा चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवतात आणि कोलॅजेनची घडण पुढे काही महिने चालूच राहते. आठवड्याभरात दिसणारी भरीव त्वचा बऱ्याचदा फक्त सूज असते. खरा फरक जोखायचा तर आधीचे आणि नंतरचे छायाचित्र एकाच तिरप्या उजेडात, त्याच कोनातून काढलेले हवे. फ्लॅश समोरून पडला की न भरलेला खड्डाही भरलेला भासतो.