५०० एमबीपीएस घेतलं तरी गेम का अडकतो?

आमच्या इथे सिंहगड रोडला घरोघरी हेच चाललंय, पोराचा गेम लॅग व्हायला लागला की आईबाबा प्लॅन वाढवतात, १०० चा ३००, ३०० चा ५००, आणि गेम अडकायचा तो अडकतोच. अहो पण ऑनलाइन गेमला एवढा डेटा लागतच नाही! खेळाडू कुठे सरकला, गोळी कुठे मारली एवढीच माहिती छोट्या छोट्या पॅकेट्समधून जाते-येते, त्याला १ एमबीपीएससुद्धा सहसा पुरतं. पॅकेट वेळेवर पोचलं पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं असतं.

गेमला वायफायपेक्षा केबल बरी हे खरं, पण का, तर म्हणे वायरमधून सिग्नल जोरात पळतो, हा दुसरा गैरसमज. खरं तर उलट आहे. रेडिओ लहरी हवेतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने जातात, सेकंदाला ३ लाख किमी, आणि तांब्याच्या लॅन केबलमध्ये वेग त्याच्या साधारण दोन तृतीयांशच असतो. हॉलपासून बेडरूमपर्यंत जायला दोन्हीकडे वेळ लागतच नाही म्हटलं तरी चालेल. वेळ जातो तो निघायच्या आधी थांबण्यात, आणि वायफायमधला हाच भाग मला सगळ्यात भारी वाटतो.

एका चॅनलवर, म्हणजे वायफायच्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. तुमचा फोन, टीव्ही, राउटर, वरच्या मजल्यावरचा राउटर, शेजारच्यांचा कॅमेरा, सगळे त्याच हवेत, आणि नंबर लावायला कोणी नाही. म्हणून प्रत्येकाने आधी ऐकायचं. मूळ नियमाप्रमाणे ५ गिगाहर्ट्झवर (वायफायचे नेहमीचे बँड दोन, २.४ आणि ५) ३४ मायक्रोसेकंद शांतता मिळाली की ० ते १५ मधला कुठलाही एक आकडा धरायचा, ९-९ मायक्रोसेकंदांच्या टप्प्यांनी उलटा मोजत यायचं, शून्य आलं की बोलायचं. मध्येच दुसरं कोणी बोलायला लागलं तर मोजणी आहे तिथे थांबवायची, त्याचं होईपर्यंत गप्प बसायचं, आणि त्याचं एक बोलणं कधीकधी काही मिलिसेकंद चालतं.

आता दोघांचा आकडा एकदम शून्यावर आला तर टक्कर, दोन्ही पॅकेट्स वाया. जुन्या इथरनेटमध्ये, म्हणजे केबलच्या नेटवर्कमध्ये, टक्कर पाठवता पाठवताच कळायची, वायफायला ती कळत नाही. राउटर साधारण १०० मिलिवॉटने पाठवतो आणि पलीकडच्या खोलीतून त्याच्या अँटेनापर्यंत जे येतं ते १०० कोटी पटींनी क्षीण असू शकतं. स्वतः ढोल बडवत असताना लक्ष्मी रोडच्या पलीकडची कुजबुज कशी ऐकू येणार? म्हणून मग समोरून 'मिळालं' अशी पोच आली नाही की पॅकेट गेलं असं धरायचं, ० ते ३१ मधला आकडा घ्यायचा, परत फसलं तर ० ते ६३, असं दुप्पट करत जास्तीत जास्त १०२३ पर्यंत. गर्दी असेल तर हे प्रत्येक थांबणं एकावर एक चढतं आणि तुमची गोळी रांगेत उभी राहते. वायफाय ६ चा राउटर आपल्या घरातल्या डिव्हाइसना थोडीफार वेळ वाटून देऊ शकतो, पण शेजाऱ्याच्या राउटरवर त्याचं काही चालत नाही.

लॅन केबलला दोनच टोकं, आणि आजच्या इथरनेटमध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी बोलू शकतात, त्यामुळे थांबायचं कोणासाठी?

हे घरी बघता येतं. कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून सरळ राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा (ping लिहून पुढे राउटरचा पत्ता, तो बऱ्याचदा १९२.१६८.१.१ असतो). केबलवर ओळीने १ मिलिसेकंदाच्या आत उत्तरं येतील. वायफायवर २, ३, २, मग एकदम ४८, परत ३ असलं काहीतरी दिसेल. सरासरी छान दिसते, पण गेम खराब होतो तो त्या ४८ ने. गेमचा सर्व्हर सेकंदाला जितक्या वेळा खेळाची स्थिती ताजी करतो ते त्याचे टिक, १२८ टिकच्या सर्व्हरवर एक टिक जेमतेम ७.८ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे एका झटक्यात सहा टिक गेले.

बाजारात 'पिंग बूस्टर' नावाची ॲप्स आणि राउटरला चिकटवायच्या अँटी-रेडिएशन चिपा मिळतात, कृपा करून पैसे घालवू नका. चिपेने लहरी खरंच अडवल्या असत्या तर वायफायच बंद पडलं असतं. आणि सर्व्हर सिंगापूरला असेल तर केबल लावूनही चमत्कार होणार नाही, फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी जातो, पुण्याहून जाऊन यायचं म्हणजे ८००० किमीच्या आसपास, इथेच ४० मिलिसेकंद गेले. मुंबईचा सर्व्हर मिळत असेल तर तोच निवडा.

भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोक पाडू देत नाहीत, तिथे स्कर्टिंगच्या कडेने कॅट ६ प्रकारची लॅन केबल क्लिपा मारून न्या, १०० मीटरपर्यंत अडचण नाही. तेही जमत नसेल तर २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झवर या. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि अख्खी बिल्डिंग त्यातच. ५ चा सिग्नल भिंतीत जास्त मरतो अशी तक्रार असते, पण त्यामुळेच शेजाऱ्याचाही तुमच्यापर्यंत कमी पोचतो. मोबाइलवर खेळणाऱ्यांनी निदान टीव्ही तरी केबलवर टाकावा, लांब कोपऱ्यातला टीव्ही हळू हळू बोलून बराच वेळ हवा अडवून ठेवतो, तो उठला की फोनचा नंबर लवकर लागतो.